बाळंतिणीचा खाडा

(ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दिवाळी झाली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा तालुक्यांतले तांडे आणि वस्त्या रिकाम्या होतात. म्हातारी माणसं मागे राहतात, बाकीचे ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडे निघतात. त्या ट्रकमध्ये गरोदर बायाही असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज मला एकच हिशेब मांडायचा आहे. बाळंतपणानंतर घरच्या मिळकतीचं काय होतं?

आपल्याकडे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल जोडीची, पण मुकादम पैसे देतो नवऱ्याच्या हातात आणि अंगठाही त्याचाच घेतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. वर स्वयंपाक, पाणी आणि पोरं आहेतच. मजुरी टनावर, म्हणजे काम बंद तर पैसा बंद. बाई बाळंत झाली की कोयत्याचा अर्धा कोयता होतो. मजुरी घटते, वर खाड्याचा दंड बसतो आणि उचल मात्र जशीच्या तशी राहते. फिटली नाही तर तीच बाकी घेऊन पुढच्या हंगामाला जायचं.

मंठा तालुक्यातल्या एका वहिनीला मी विचारलं, बाळंतपणानंतर किती दिवस बसलात? त्या म्हणाल्या, "बारावं झालं अन् फडात गेले. बसून राहिले तर खाडा कोण भरणार?" तान्हं बाळ कोपीत, सात वर्षांच्या थोरलीच्या मांडीवर. तिची शाळा सुटली ती सुटलीच. एका बाळंतपणाची किंमत आई, थोरली आणि तान्हं, अशी तिघांनी मोजली.

कायदे नाहीत असं नाही. १९६१ साली मातृत्व लाभाचा कायदा झाला. २०१७ साली त्यातली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पण रजा मागायला मालक लागतो, हजेरीपट लागतो. फडात मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत मात्र पहिल्याच बाळंतपणाला, तेही ५,००० रुपये ठरले. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,००० आले. दुसरा मुलगा झाला तर त्या आईचं बाळंतपण काय कमी कष्टाचं? ५,००० रुपये सहा महिन्यांवर वाटून पाहा. दिवसाला २८ रुपयेही होत नाहीत. एवढ्यावर कोणती बाई घरी बसेल?

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगलं झालं. पण बाळंतिणीची त्या दिवसांतली मजुरीच शून्य. शून्यावर ३४ टक्के वाढ दिली तरी शून्यच.

म्हणून मागणी पैशाचीही हवी आणि नोंदीचीही. बाईचं नाव मजूर म्हणून वेगळं लिहा, तिची मजुरी तिच्या खात्यात द्या. बाळंतपणाच्या दिवसांना खाडा लावू नका. सहा महिन्यांची भरपाई कारखाना आणि सरकार यांनी मिळून द्यावी. फडाजवळ पाळणाघर हवं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला पूर्ण मजुरीवर नेमायची तरतूद केली होती. रस्त्याच्या कामावर जे मान्य झालं, ते उसाच्या फडात का नाही?

काही भाऊ म्हणतात, बाईचं नाव वेगळं लिहिलं तर घरात दोन चुली होतील. चूल एकच राहील, भाऊ. फक्त तिच्यात कोणाचा घाम जळतो, ते कागदावर दिसेल.

या हंगामाला निघण्याआधी प्रत्येक वस्तीत एक वही करू या. कोण गरोदर आहे, किती महिने झाले, उचल किती, मुकादम कोण, कारखाना कोणता, एवढं लिहू या. परतल्यावर त्याच वहीत खाडे लिहू. मग ती वही घेऊन सगळ्याजणी मिळून तहसीलवर जाऊ. तोंडी सांगितलं तर साहेब विसरतात. लिहिलेलं पुढे ठेवलं की उत्तर द्यावं लागतं.