बी म्हणजे मुदत ठेव नव्हे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटे दिली आहेत. आयुष्यभर बँकेत काढले, तेव्हा वेळेचा हिशेब चुकणार नाही. विषय आहे घरच्या घरी बियांपासून कडुनिंबाचे रोप करण्याचा.

आपल्या गेटजवळचा कडुनिंब सगळ्यांना आठवत असेल. आपण इथे राहायला आलो, त्याच्या आधीपासून तो उभा होता. पाडव्याला कोवळा पाला तिथलाच. घरात कुणाला कांजिण्या आल्या की उशाशी डहाळीही तिथलीच. तीन पावसाळ्यांपूर्वी आषाढातल्या एका रात्री तो कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण खरे सांगायचे तर त्यात आपलाही हात होता. पेव्हर ब्लॉक बसवताना आपण खोडापर्यंत फरशी भिडवली आणि गटारासाठी एका बाजूची मुळे तोडली. त्या ठरावावर सही करणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी फांद्या तोडायचे काम चालू असताना आमच्या सौ.नी पिकलेल्या पिवळ्या लिंबोळ्या ओंजळभर वेचून आणल्या. मी त्या धुतल्या, वाळवल्या, डबीत भरल्या, वर तारीख लिहिली आणि डबी कपाटात ठेवली. फेब्रुवारीत सवडीने पेरल्या. महिना गेला, एकही उगवली नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, बी आहे ते. मुदत ठेव नाही, ठेवली की वाढायला!"

त्यांचे खरे होते. कडुनिंबाचे बी साध्या हवेत ठेवले, तर काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. त्या जुन्या झाडाचे बी माझ्या नीटनेटकेपणापायी वाया गेले, याची रुखरुख मला आजही आहे.

पुढच्या वर्षी मागच्या गल्लीतल्या झाडाखालून लिंबोळ्या आणल्या आणि या खेपेला नीट केले. कृती अगदी सोपी आहे, मुलांनीही करावी. चैत्रात फुलोरा येतो, जून-जुलैत फळ पिकते. पूर्ण पिवळी झालेली ताजी लिंबोळी घ्यावी. पाण्यात चोळून गर काढावा, कारण गर राहिला की बुरशी धरते. एखाद-दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पेरावे. माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून पिशवीत भरावी. सोटमूळ खोल जाते, म्हणून पिशवी उंच घ्यावी आणि तिच्या बुडाला भोके पाडावीत. बी आडवे ठेवून वर बोटाच्या पेरापेक्षा कमीच माती घालावी. माती ओलसर हवी, चिखल नको.

बँकेतल्या सवयीने मी वही ठेवली. २४ बिया पेरल्या. अकराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. एकूण १७ उगवल्या. त्यांतली सहा रोपे आमच्या नातवाने प्रेमाने तीन-तीनदा पाणी घालून कुजवली! उरली ११. गेल्या पावसाळ्यात आठ रोपे गावी भावाच्या बांधावर लावली. तीन गच्चीत आहेत, आता माझ्या कमरेला लागतात.

एक ओळख सांगून ठेवतो. बकाणनिंब बराचसा असाच दिसतो, पण त्याची फळे विषारी असतात. कडुनिंबाच्या एका देठावर पानांची एकच रांग दोन्ही बाजूंनी असते. बकाणाच्या देठाला पुन्हा उपदेठ फुटतात. आणि औषधी झाड म्हणून मनाने उपचार करू नयेत. लिंबोळीचे तेल लहान मुलांच्या पोटात गेले, तर जिवावर बेतू शकते. ते धान्याला, झाडांच्या किडीला ठीक.

कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणावर युरोपात पेटंट दिले गेले होते. आपल्याकडच्या लोकांनी तिथे जाऊन दाद मागितली. २००० साली ते रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. हे ज्ञान आमच्याकडे पूर्वापार आहे, असे आपण जगाला सांगितले. मग त्याच झाडाला आपल्या आवारात चार फूट जागा नसावी?

आता मुद्द्याचे बोलतो. कडुनिंब कुंडीत फार काळ राहत नाही, त्याला जमीन लागते. त्या जुन्या झाडाच्या जागी दोन गाड्यांचे पार्किंग आखायचे घाटते आहे. गाड्यांची अडचण मला कळते. प्रतीक्षा यादीत दुसरे नाव माझेच आहे. ते मी आजच मागे घेतो. एक गाडी तिथे जरूर लागू दे. उरलेल्या जागेत, भिंत आणि गटारापासून अंतर ठेवून, येत्या पावसाळ्यात एक रोप लावावे आणि बुंध्याभोवती तीन-तीन फूट माती उघडी सोडावी, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. नीट विचार करून मत द्या. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, म्हणून लावतानाच जागा विचारपूर्वक निवडलेली बरी.

आणि मुलांनो, जुलैत एक रविवार माझ्यासाठी राखून ठेवा. लिंबोळ्या मी आणतो, पिशव्या तुम्ही आणा. डबी मात्र कुणी आणू नका!