खुबा आत वळवून पाहा



नागपूरच्या या परिषदेत अस्थिरोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आज शेजारी शेजारी बसले आहेत. त्यांच्या मागच्या रांगांत गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारच्या आशाताई आहेत, सिकलसेल अंगावर वागवणारी माणसेही आहेत. स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. आशाताईंचे थोडे जास्तच, कारण लंगडणारे पोर आधी त्यांना दिसते, डॉक्टरांना नंतर.

घानातल्या गा भाषेत सिकलसेलचे नाव आहे ‘च्वेच्वेच्वे’. कोणीतरी हाड सतत चघळत असावे, असा तो आवाज. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद केली, पण घानाच्या लोकांनी आजार आधीच हाडांवरून ओळखला होता. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ साली सापडला. विदर्भाला तर त्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच फरक. प्राणवायू कमी पडला की पेशी ताठरते आणि बारीक वाहिनीत अडकते. सहा महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजतात ते यामुळेच. घरचे मात्र म्हणतात, कुठेतरी पडले असेल.

मोठेपणी खरा घाला बसतो खुब्यावर. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. त्या तुंबल्या की हाड आतून मरते आणि पुढे गोळा चपटा होतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात २,५९० रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या खुब्यात हे आढळले. सोबत आल्फा थॅलेसेमिया असेल तर रक्तक्षय सौम्य राहतो, पण खुब्याचा धोका वाढतो. आपल्या आदिवासी भागात ही जोडी बरीच आढळते, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा बरा पाहून निर्धास्त होणे महागात पडते.

खुब्याचे हे दुखणे जांघेत असते, कधी नुसते गुडघ्यात. सलाईन, वेदनाशामक, घरी. ‘सिकलसेलचेच दुखणे’ म्हटले की तपासणी तिथेच थांबते. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येतो, मेलेले हाड एमआरआयमध्येच दिसते. तोवर रोवणीच्या हंगामात चिखलात वाकायचे असते, घरी उकिडवे बसायचे असते.

परिषदेत कृत्रिम सांध्यांच्या दालनापाशी गर्दी होईल, होऊ द्या. मात्र २००६ साली प्रसिद्ध झालेली ४६ रुग्णांची एक चाचणी विसरता कामा नये. काहींच्या हाडाला भोक पाडून दाब कमी केला आणि व्यायामोपचार दिले, काहींना केवळ व्यायामोपचार. तीन वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फिजिओथेरपिस्टची खुर्ची एरवी मागच्या रांगेत का, हा प्रश्न स्वागत समितीने स्वतःलाही विचारला आहे.

आणखी एक सावधगिरी: तापासह हाड दुखले तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावीच, आणि त्यात साल्मोनेलाला विसरू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेची रक्ततपासणी गावागावांत पोहोचते आहे. खुब्याची तपासणी त्यात सहज बसेल.

पाहुण्यांना एकच विनंती. परतल्यावर पहिल्या ओपीडीत सिकलसेलचा जो रुग्ण येईल, त्याला टेबलावर झोपवून पाय आतल्या बाजूला वळवून पाहा. दुखला, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय लिहून द्या.