सरकारजमा संपत्ती आणि तिचे अपवाद

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम नावाचे उपनगर आहे. शहरात घर घेणे न परवडलेली कितीतरी नोकरदार कुटुंबे लोकलगाडीच्या आधाराने तेथे स्थिरावली आहेत. तेथील एका घराची कल्पना करावी. किंमत 30 लाख रुपये, घर पत्नीच्या नावावर. पैकी 20 लाख तिने माहेरची जमीन विकून आणलेले. उरलेले 10 लाख पतीने हेरॉइनच्या चोरट्या व्यापारात मिळविलेले. खरेदीनंतर वर्षभरातच पतीस अटक होते. घराचे काय व्हावे?

अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा 1985 चा. व्यापाऱ्यास तुरुंगात टाकले तरी त्याचे धन बाहेर राहते आणि धंदा चालूच राहतो, हे ध्यानी आल्यावर 1989 मध्ये त्यास संपत्ती सरकारजमा करण्याचे प्रकरण जोडण्यात आले. ज्या गुन्ह्यास 10 वर्षे वा अधिक शिक्षा आहे, त्यास ते लागू होते. तपास करणारा अधिकारी मालमत्ता गोठवितो. मात्र सक्षम प्राधिकाऱ्याने 30 दिवसांत शिक्कामोर्तब न केल्यास तो हुकूम निष्प्रभ ठरतो. पुढे नोटीस निघते, आणि येथे नेहमीचा न्याय उलटा होतो. संपत्ती पापाची नाही, हे जिला नोटीस मिळाली तिनेच सिद्ध करावयाचे.

एवढी कठोर तरतूद सुसह्य होते ती अपवादांमुळे. अटकेपूर्वी 6 वर्षांच्याही आधी घेतलेली मालमत्ता सरकारजमा होत नाही. सद्भावनेने, पुरेसा मोबदला देऊन घर विकत घेणाऱ्यास संरक्षण आहे. आरोपी निर्दोष सुटला आणि ती सुटका अपिलातही टिकली, तर गोठविलेली मालमत्ता मोकळी होते. नातेवाइकांच्या बाबतीत 1994 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने तस्करीच्या संपत्तीविषयीच्या 1976 च्या कायद्याचा अर्थ लावताना मोलाची मर्यादा घातली: नाते आहे एवढ्यावरून कोणाची स्वतःची कमाई घेता येणार नाही, तिचा धागा गुन्हेगाराच्या पैशाशी जुळला पाहिजे.

तांबरमच्या त्या बाईस मात्र सर्वांत जवळचा अपवाद निराळाच आहे. संपत्तीच्या केवळ काही भागाचा उगम सिद्ध झाला नाही, तर घर जाण्याऐवजी दंड भरण्याचा पर्याय प्राधिकाऱ्याने दिलाच पाहिजे. 1976 च्या कायद्यात असा दंड त्या भागाच्या सव्वापटीहून किंचित कमी, म्हणजे 1.2 पट असतो, आणि तो भाग निम्म्याहून कमी असेल तरच ही सवलत मिळते. अमली पदार्थांच्या कायद्यात निम्म्याची अट नाही. परंतु दंड त्या भागाच्या बाजारभावाइतका. प्रकरण लांबले, घर 60 लाखांचे झाले, तर तिसऱ्या हिश्शाचे 20 लाख भरावे लागतील. मूळ 10 नव्हे.

तेही केव्हा, तर आपले 20 लाख तिला दाखविता आले तर. माहेरच्या जमिनीच्या खरेदीखतावर 8 लाखच लिहिले असतील आणि उरलेले रोखीने हाती आले असतील, तर? मुद्रांकशुल्क वाचविण्यासाठी किंमत कमी लिहिण्याची आपली जुनी खोड येथे एका निरपराध स्त्रीच्या घरावर येते. कायद्याच्या दृष्टीने तिचे 12 लाख आणि नवऱ्याचे 10 लाख एकाच रंगाचे.

उलट बाजूही विसरून चालत नाही. पत्नी, मेहुणा, वृद्ध आई यांच्या नावांमागे धन दडविणे ही या धंद्यातली नित्याची युक्ती आहे; पुराव्याचे ओझे हलके केले तर तिला राजमार्गच मिळेल. अमेरिकेने 1999 च्या कायद्याने परदेशी अमली व्यापाऱ्यांवर आर्थिक निर्बंध घातले. 2006 मध्ये मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाऊद इब्राहिमचे नाव त्या यादीत गेले. त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या व्यक्तीस तेथे 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण राष्ट्रीय सुरक्षेस मोठा बाध येतो असे वाटल्यास राष्ट्राध्यक्ष निर्बंधांना सूट देऊ शकतात. आपल्या या प्रकरणात सवलत राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती कलमांतच लिहिली आहे, हे अधिक बरे. तांबरमच्या त्या बाईला कोणाचे दार ठोठवावे लागत नाही. जुने खरेदीखत, बँकेचे पुस्तक आणि सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा मात्र शोधून काढावा लागतो, आणि निकाल विरुद्ध गेल्यास 45 दिवसांत अपील करावे लागते.