यूटर्पी जहाज आणि कोवलमचा किनारा



कोवलम म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केरळचा किनारा येतो. आजच्या विवेचनातील कोवलम ते नव्हे. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेस, सुमारे चाळीस किलोमीटरवर, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इंग्रज त्याला कोव्हलाँग म्हणत. मासेमारांची वस्ती, एक चर्च आणि एक दर्गा अशी या गावाची ओळख. दर्ग्यातील संताचा देह समुद्रावरून वाहत येथे आला अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि ज्या गावाचे सारे बरेवाईट समुद्रावरूनच येत राहिले, त्या गावाला ती शोभूनही दिसते. १७२२ मध्ये सनद मिळालेल्या ओस्टेंड कंपनीची, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांची, येथे वखार होती. पुढे किल्ला फ्रेंचांकडे गेला. १७५२ मध्ये क्लाइव्हने तो जिंकला आणि सुरुंग लावून उडवून दिला. त्यानंतर इतिहासाच्या पुस्तकांतून कोवलम जवळजवळ नाहीसे होते.

मात्र या किनाऱ्यासमोरून जाणारी जहाजे नाहीशी झाली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासकडे जाणारी अनेक शिडाची जहाजे याच पाण्यातून जात असत. त्या जहाजांचे पुढे काय झाले, हा आजचा विषय आहे.

प्रथम किनाऱ्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. बाणकोट, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांत शिरले की गलबत सुरक्षित होते. पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे आपल्याकडचे वर्षाचे चक्र. चोळमंडलाच्या किनाऱ्याला अशी आसऱ्याची जागा नाही. सरळ, सपाट वाळूचा पट्टा आणि त्यावर अहोरात्र फुटणाऱ्या लाटांच्या दोन-तीन ओळी. धोक्याचा काळही तेथे निराळा. आपल्याकडे समुद्र निवळतो तेव्हा तेथे ईशान्य मोसमी वारे सुरू होतात, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे येतात ती बहुधा याच सुमारास. कंपनीच्या काळात ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोठी जहाजे हा किनारा सोडून जात, इतका हा काळ भीतीचा मानला जाई.

मद्रास हे इलाख्याचे मुख्य शहर, आणि त्याला बंदर नव्हते, ही गोष्ट आज नवलाची वाटेल. जहाजे किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माणसे आणि माल तेथून आणायचा तो मसुला नावाच्या होड्यांतून. या होडीत खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. खिळ्यांची होडी लाटेच्या तडाख्याने फुटली असती. शिवलेली होडी लवत असे, आणि म्हणून टिकत असे. पाणी आत झिरपे, ते उपसत राहायचे. त्याहून साधे वाहन म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधलेला तो तराफा. जगभरच्या भाषांत रूढ झालेला ‘कॅटमरान’ हा शब्द याच ओंडक्यांवरून गेला. मसुलाही पुढे जाऊ शकणार नाही अशा दिवशी कट्टुमरमवरचा माणूस जहाजाची पत्रे ताडपत्राच्या निमुळत्या टोपीत कोरडी ठेवून लाटांतून पलीकडे जाई. लाटेने फेकला गेला तर पोहत जाऊन पुन्हा ओंडक्यावर बसे. सातासमुद्रांवरचा व्यापार शेवटच्या एका मैलासाठी अशा माणसांवर अवलंबून होता. त्यांची नावे जहाजांच्या कागदपत्रांत क्वचितच सापडतात.

वादळाची चिन्हे दिसली की नांगरलेल्या जहाजांना किनाऱ्यावरून निशाणाने इशारा देत. इशारा मिळताच नांगर उचलण्यात वेळ न दवडता, प्रसंगी साखळी सोडून देऊन, भर समुद्रात निघून जायचे. अननुभवी माणसाला हे उलटे वाटेल, कारण संकटात जमिनीचा आधार शोधणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण शिडाच्या जहाजाला वादळात जमिनीइतका मोठा शत्रू नाही. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल, तर उभे राहिलेले जहाज शेवटी वाळूवरच येऊन पडते. मे १८७२ च्या वादळात मद्रासपुढे नेमके हेच घडले. वेळेत बाहेर न पडू शकलेली अनेक जहाजे किनाऱ्यावर आदळून मोडली.

या वादळानंतर काही वर्षांतच बंदराच्या कामाला आरंभ झाला. डिसेंबर १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. समुद्रात दगडी बाहू घातले गेले. काम पूर्णत्वास येत असताना, नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने त्या बाहूंना मोठी खिंडारे पाडली. बंदर पुन्हा बांधून पुरे व्हायला १८९६ उजाडले, आणि तोवर शिडाच्या जहाजांचा काळ सरत आला होता.

आता एका जहाजाची कथा पाहू.

१८६३ च्या नोव्हेंबरात आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर, रॅमसे येथे, एक तीन डोलकाठ्यांचे जहाज पाण्यात उतरले. बहुतेक जहाजे लाकडाची असण्याच्या त्या काळात याचे अंग लोखंडाचे होते. ग्रीक पुराणातील संगीतदेवतेवरून त्याला यूटर्पी हे नाव दिले गेले. संगीताचे नाव लाभलेल्या या जहाजाच्या पहिल्या फेरीत मात्र सूर जुळले नाहीत. जानेवारी १८६४ मध्ये लिव्हरपूलहून कोलकात्यास निघालेले हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ रात्री एका स्पॅनिश जहाजाला धडकले. खलाशांनी पुढे जाण्यास नकार दिला. जहाज परत फिरवावे लागले आणि सतरा खलाशांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. धडकलेल्या जहाजातून अर्धे जग ओलांडण्यास नकार देणे हा कायद्याने गुन्हा होता. आजच्या वाचकाला तो शहाणपणा वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी फेरी आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. १८६५ मध्ये बंगालच्या उपसागरात, मद्रासच्या समोर, यूटर्पी वादळात सापडले. डोलकाठ्या तोडून टाकण्यावाचून कप्तानापुढे मार्ग उरला नाही. या कृतीचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. उंच डोलकाठ्या, त्यांवरील आडव्या काठ्या आणि भिजलेले दोर यांचे वजन वर असते. वाऱ्याच्या दाबाने जहाज कलंडले की हेच वजन त्याला पुन्हा सरळ होऊ देत नाही. अशा वेळी ताणलेले दोर कुऱ्हाडीने तोडून डोलकाठी समुद्रात जाऊ द्यायची, म्हणजे हलके झालेले जहाज उठते. ज्याच्या बळावर जहाज चालते तेच तोडायचे, आणि तेही हेलकावणाऱ्या फळ्यांवर उभे राहून. त्यानंतर उरतो तो तरंगणारा लोखंडी सांगाडा. त्या अवस्थेत यूटर्पी रखडत श्रीलंकेतील त्रिंकोमाली या नैसर्गिक बंदरात पोहोचले, आणि तेथून दुरुस्तीसाठी कोलकात्यास गेले. कप्तान विल्यम स्टॉरी इंग्लंडला परतताना वाटेतच मरण पावला. त्याचा देह समुद्रालाच अर्पण केला गेला.

ही जहाजे त्या काळातही जुनाट ठरू लागली होती. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. त्याच महिन्यात स्कॉटलंडमध्ये कटी सार्क हे चहा वाहणारे वेगवान जहाज पाण्यात उतरले. या दोन घटनांची गाठ पडावी हा काळाचा विनोदच. आगबोटी कालव्यातून जाऊ लागल्या. तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वाऱ्यांमुळे शिडाच्या जहाजांना तो मार्ग निरुपयोगी होता. चहा पाहता पाहता आगबोटींकडे गेला, आणि कटी सार्कला ऑस्ट्रेलियाची लोकर वाहावी लागली. तरीही शिडे लगेच उतरली नाहीत. वाऱ्याला कोळसा लागत नाही. ज्या मालाला घाई नव्हती तो शिडांकडेच राहिला. त्यात बंगालचा ताग, ब्रह्मदेशचा तांदूळ, वेल्सचा कोळसा, चिलीचे खत असा माल असे.

आणि माणसेही असत. १८७१ पासून सुमारे पंचवीस वर्षे यूटर्पीने इंग्लंडमधील निर्वासू कुटुंबे न्यूझीलंडला नेली. सर्वांत जलद फेरीला १०० दिवस लागले, सर्वांत लांबलेल्या फेरीला १४३. ती माणसे स्वखुशीने निघालेली होती. आपल्या देशातून शिडाच्या जहाजांत बसवलेल्या गिरमिटियांविषयी तसे सरसकट म्हणता येणार नाही. सीरिया हे लोखंडी शिडाचे जहाज मार्च १८८४ मध्ये कोलकात्याहून सुमारे पाचशे गिरमिटियांना घेऊन फिजीला निघाले. ११ मे रोजी रात्री ते नसिलाईच्या प्रवाळखडकावर चढले. किनारा दूर नव्हता, पण मदत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. फिजीतील वैद्यकीय अधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांनी फुटत्या जहाजावरून अनेकांना वाचवले आणि त्याबद्दल त्यांना पदक मिळाले. एकोणसाठ माणसे मेली. त्यांत तीन लष्करी होते. येथे लष्करी म्हणजे सैनिक नव्हे. परदेशी जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना त्या काळी हा शब्द लावत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, दापोली, राजापूर या भागांतील कितीतरी घरांतून माणसे अशीच मुंबईच्या गोदीत आणि तेथून जहाजांवर गेली. सारंग, तांडेल हे शब्द त्या घरांत अजून आडनावासारखे वावरतात. एवढ्यासाठी तरी हा विषय आपल्याला परका मानता येत नाही.

बहुतेक शिडाच्या जहाजांचा शेवट वादळात झाला नाही. मोडीच्या बाजारात, किंवा दोर-शिडे काढून घेतलेल्या तरंगत्या कोठारात झाला. वेव्हरट्री हे १८८५ चे जहाज प्रथम पूर्व भारत आणि स्कॉटलंड यांच्यामध्ये ताग वाहत असे. १९१० मध्ये केप हॉर्नजवळ त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. त्यानंतर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ते कोठार म्हणून उभे राहिले, पुढे ब्वेनोस आयरेस येथे वाळू वाहणारा पडाव झाले. १९६० च्या दशकात कोणीतरी त्या वाळूच्या पडावात जुने जहाज ओळखले, आणि आज ते न्यूयॉर्कमध्ये जपलेले आहे. फॉल्स ऑफ क्लाइड या १८७८ च्या जहाजाची दशा याच्या उलट झाली. त्याची पहिली फेरी कराचीची होती, आणि आरंभीची काही वर्षे ते हिंदुस्थानच्या व्यापारातच होते. १९०७ मध्ये त्याच्या पोटात टाक्या बसवून ते तेलवाहू केले गेले. होनोलुलूत ते वस्तुसंग्रहालय झाले, लोकांनी पैसा जमवला, शाळकरी मुले त्यावर चढून गेली. मग देखभालीचा खर्च कोणी उचलायचा यावर वर्षानुवर्षे घोळ चालला, गंज वाढला, जहाज बंदराला धोका ठरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ओढून समुद्रात नेले आणि बुडवले. एखादी जुनी वस्तू एकदा वाचवली म्हणजे ती कायमची वाचली, असे समजण्याची घाई सर्वत्रच होते. जुन्या शाळांच्या इमारतींच्या बाबतीतही ती होते, हे येथे सांगायला हरकत नाही.

यूटर्पीचे नशीब या मानाने बरे. १९०१ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीने घेतले. ही कंपनी अलास्कात सामन मासे डबाबंद करत असे. दर वसंतात कोळी, कामगार आणि कोळसा घेऊन उत्तरेला जायचे आणि शरदात माशांचे डबे घेऊन परतायचे, असे त्याचे नवे आयुष्य सुरू झाले. कंपनीच्या इतर जहाजांच्या नावांत ‘स्टार’ होते म्हणून १९०६ मध्ये यूटर्पीचे नाव बदलून स्टार ऑफ इंडिया ठेवले. हिंदुस्थानशी त्याचा संबंध सुटून किती वर्षे लोटली होती, तेव्हा हे नाव मिळाले! १९२३ मध्ये ते कामातून काढले. १९२६ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिसंस्थेने मत्स्यालय करण्याच्या विचाराने ते विकत घेतले. मंदी आली, महायुद्ध आले, मत्स्यालय झालेच नाही, आणि तीस वर्षे जहाज धक्क्याला गंजत राहिले. १९५७ मध्ये दर्यावर्दी लेखक ॲलन व्हिलियर्स यांनी त्याची अवस्था पाहून तेथल्या लोकांना जाहीरपणे फटकारले, तेव्हा कुठे काम सुरू झाले. १९७६ मध्ये ते पुन्हा शिडे उभारून समुद्रावर गेले. आजही ते अधूनमधून स्वयंसेवकांच्या हातांनी शिडे उभारते. १८६५ मध्ये मद्राससमोर कुऱ्हाडीने डोलकाठ्या तोडाव्या लागल्या ते जहाज हेच.

मद्रासचे बंदर झाल्यावर मसुला होड्यांचे काम संपले. त्या कोणी जपून ठेवल्या नाहीत. लाकूड आणि काथ्या यांचे आयुष्य तसेही थोडे असते. कोवलमच्या वाळूवर आज रंगीत फायबरच्या होड्या ओळीने ओढून ठेवलेल्या दिसतात. त्यांना मोटर असते, मोबाइलवर वादळाचा इशाराही येतो. अलीकडे तेथे फळीवर उभे राहून लाटांवर घसरण्याचा खेळ रुजला आहे, आणि कोळ्यांचीच मुले त्यात पुढे आहेत. ज्या लाटांनी वर्षानुवर्षे मद्रासचा व्यापार अडवून धरला, त्याच लाटांची ती आता पहाटे उठून वाट पाहतात.