घराजवळची कोरियन पेठ

लॉस एंजेलिसमधील ऑलिंपिक बुलेव्हार्डवर १९७१ सालीं वाणसामानाचें एक कोरियन दुकान उघडलें. पुढें त्याच्याभोंवतीं पेठच वसली. आंत शिरतांच किमचीच्या बरण्या दिसतात: आपल्या लोणच्यासारखा तिखट, पण तेलावांचून आंबवलेला कोबी! शेजारीं सुकी मासळी. पेठ कोरियन खरी; भोंवतालच्या रहिवाशांत मात्र स्पॅनिश बोलणारे फार.

२९ एप्रिल १९९२ रोजीं शहरांत दंगल पेटली. कोरियनांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची लूट, मोडतोड वा जाळपोळ झाली. पोलीस फिरकेनात, तेव्हां कांहीं दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर चढले. त्या दिवसाला ते नुसतें ‘सा-ई-गु’, म्हणजे चार-दोन-नऊ, म्हणतात. मोठ्या आपत्तीला तारखेनेंच ओळखण्याची त्यांची रीत आहे. पुष्कळ दुकानें पुन्हां उघडलींच नाहींत. उघडलेल्यांपैकीं कित्येकांत गल्ल्यावरचा कोरियन माणूस गिऱ्हाइकाला स्पॅनिशमध्यें हिशेब सांगतो.