एक युनिट म्हणजे किती घागरी?

(वळसंग येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



'ऊर्जेची साधने' या विषयावर बोलायला मला उभं केलंय. विषय शाळेच्या पुस्तकातला. कोळसा, पाणी, वारा, सूर्य. पाच मार्कांचा प्रश्न. लिहिला की सुटलो. पण मी पुस्तकातला माणूस नाही. मी आयटीआयचा वायरमन. खांबावर चढतो, मीटर बसवतो, जळालेली केबल बदलतो. मला वीज खालून दिसते. म्हणून मी खालूनच सुरुवात करणार.

तुम्ही बरेचजण पुण्या-मुंबईहून आलात. वळसंगला आल्यावर पहिल्यांदा विहीर बघितलीत. बघायलाच पाहिजे. आपल्या माणसांनी आपल्या हातानं खोदलेली विहीर. १९३७ साली बाबासाहेब इथं आले, त्यांनी या विहिरीचं पाणी काढलं आणि ते प्याले. महाडच्या तळ्यानंतर दहा वर्षांनी. ही गोष्ट आपण पाण्याची म्हणून सांगतो, हक्काची म्हणून सांगतो. ते खरंच आहे. आज मी तीच गोष्ट बळाची म्हणून सांगतो. विहीर खणायला बळ लागलं. तिच्यातनं पाणी वर काढायला रोज बळ लागलं. ते बळ कुणाच्या दंडातलं? ऊर्जेचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

आता हिशेब करू. पाटी-पेन्सिलीचा हिशेब आहे, घाबरू नका.

विहिरीत पाणी पंधरा मीटर खोल आहे असं धरा. घागर पंधरा लिटरची. एक बाई ती घागर वर ओढते. तिच्याऐवजी मोटर लावली, आणि मोटर-पंपात निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी एका युनिट विजेत अशा आठशे घागरी वर येतात. आठशे! एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं. मीटरवरचा एक आकडा सरकला. बस्स.

दुसरा हिशेब. धट्टाकट्टा माणूस दिवसभर सलग राबला तर साधारण ७५ वॅटचं काम देतो. आठ तासांत ०.६ युनिट. म्हणजे माणसाच्या अख्ख्या दिवसाच्या घामाचं एक युनिटसुद्धा भरत नाही. मोटर तेवढं काम चार-दोन रुपयांत करते.

हे ऐकून काही शहाणे म्हणतात, बघा, माणसाची किंमत किती कमी! मी उलटं म्हणतो. माणूस हे ऊर्जेचं साधन म्हणून वापरायची गोष्टच नाही. माणूस डोकं चालवायला आहे. ज्या समाजानं हजारो वर्षं माणसालाच इंजिन केलं आणि त्याला भाकरतुकड्याचं इंधन घातलं, तो समाज ऊर्जेच्या बाबतीत अडाणी नव्हता. चलाख होता. त्याच्याकडं फुकटची माणसं होती. मग यंत्राची घाई कुणाला?

जात ही ऊर्जेची व्यवस्था होती. हे वाक्य मी मुद्दाम बोलतोय, लिहून घ्या. लाकडं कोण फोडणार? महार. निरोप घेऊन उन्हातनं दुसऱ्या गावाला कोण पळणार? महार. मेलेलं ढोर कोण ओढणार? तोच. बलुतं म्हणजे या माणूस-इंजिनाचं डिझेल. तेही वेळेवर नाही, मापानं नाही, उपकार म्हणून.

मोट आठवा. नव्या पोरांनी चित्रातच बघितली असेल. विहिरीवर बैलजोडी मोट ओढायची, पाणी पाटाला लागायचं. बैल हे ऊर्जेचं साधन, पुस्तकात एवढंच लिहितात. पण मोट कातड्याची. कातडं कमावलं ढोरानं. मोट शिवली चांभारानं. तिचा नाडा वळला मांगानं. त्या मोटेतनं आलेलं पाणी सगळ्या गावानं प्यालं, आणि ज्यांच्या हातांनी मोट झाली त्यांना त्या विहिरीवर चढायची बंदी. कातडं विटाळलं नाही, नाडा विटाळला नाही, माणूस तेवढा विटाळला! ही तुमची महान ग्रामव्यवस्था.

मग वाफ आली. सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी निघाली, लोक तिला जुनी गिरणी म्हणत. कोळसा जळाला, भोंगा वाजला. गावातनं पळालेल्या माणसाला वाटलं, आता सुटलो. यंत्राला जात नसते. यंत्राला नसते हो, पण यंत्रापाशी कुणाला उभं करायचं हे ठरवणाऱ्याला असते. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि दुसऱ्याला त्या धोट्याला तोंड लावायचं नव्हतं. विणखात्यात पगार जास्त. म्हणजे वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात थुंकीवर जात टिकली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विलायतेत शिकलेलं इंजिन इथं येऊन मनुस्मृती पाळायला लागलं.

यातनं एक धडा घ्या. ऊर्जेचं साधन बदललं म्हणजे समाज आपोआप बदलतो, हे खोटं आहे. आणि यंत्र वाईट, चरखा बरा, खेडं बरं, हेही तितकंच खोटं आहे. बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेताना हा मुद्दा स्वच्छ मांडलाय. दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत ते चालतं तिचा आहे. यंत्र माणसाला फुरसत देतं. फुरसत असल्याशिवाय माणूस वाचणार कधी, विचार करणार कधी? जनावरासारखं राबण्यातनं सुटका यंत्राशिवाय नाही. ज्याला पाण्याची घागर कधी उचलावी लागली नाही त्यालाच घागरीचं सौंदर्य दिसतं.

बाबासाहेबांनी हे नुसतं लिहिलं नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज तेव्हा त्यांच्याच खात्यात. २५ ऑक्टोबर १९४३ ला विजेच्या धोरणसमितीची बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे, तिचा कारभार सरकारनं हातात घ्यावा, आणि ती कशाला? तर कारखानदारी वाढवून माणसाला दारिद्र्याच्या चक्रातनं बाहेर काढायला, ही त्यांची दिशा. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघालं, दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळात आकाराला आली. जयंतीला आपण डीजे लावतो. तो डीजे ज्या विजेवर वाजतो तिच्या कारभाराचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते, हे नाचणाऱ्या किती पोरांना माहीत आहे?

आता आजच्यावर येऊ. इथनं जवळ, याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १३२०. पहिला २०१७ ला सुरू झाला, दुसरा २०१९ ला. हे केंद्र पूर्ण ताकदीनं चाललं तर दिवसाला ३ कोटी १६ लाख युनिट देतं. त्यासाठी रोज वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. कोळसा रेल्वेनं लांबनं येतो. पाणी उजनीचं. आणि सोलापूरकरांनी नळाच्या पाण्याची दिवसांआडची वाट वर्षानुवर्षं बघितलेली आहे.

आत काय चालतं? कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते, चक्रावर वीज तयार होते. कोळशात शंभर भाग उष्णता असेल तर चाळीसच्या आसपास भागांची वीज होते. बाकी हवेत आणि पाण्यात. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच. म्हणजे वीज तारेतनं जाते मुंबईच्या, पुण्याच्या एसीला, आणि राख राहते इथं. एक दीड टनाचा एसी एका तासात सुमारे दीड युनिट खातो. तेवढ्यात नऊ वॅटचा एलईडी दिवा दीडशे तासांहून जास्त जळतो. दीडशे तास म्हणजे वस्तीतल्या पोरीचा महिन्याचा अभ्यास.

आणि जमीन? १८९४ चा भूसंपादन कायदा २०१३ अखेरपर्यंत चालला. त्यात भरपाई जमिनीत हक्क असणाऱ्याला. सातबाऱ्यावर नाव त्याला पैसा. त्याच रानात जन्मभर खुरपणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कुठलं? रान गेलं, तिची मजुरी गेली, भरपाई शून्य. २०१३ च्या नव्या कायद्यानं शेतमजुरालाही बाधित कुटुंबात धरलं. कागदावर धरलं. कागद वाचून घ्यायला आपला माणूस तलाठ्यासमोर उभा राहिला नाही तर कागद कागदच राहतो.

आता चुलीकडं बघा. पोरांनो, तुम्ही भाषणात कोळसा, अणुऊर्जा सगळं बोलता, आणि घरातली सगळ्यात जुनी भट्टी तुम्हाला दिसत नाही, कारण तिच्यापुढं तुमची आई बसते. तीन दगडांच्या चुलीत जळणातली दहा-पंधरा टक्के ऊर्जा भांड्याला लागते. बाकी वाया. दहा काटक्यांतल्या आठ-नऊ काटक्या बाईनं धुरासाठी वेचून आणल्या असं म्हणा! तुरकाट्या, येडी बाभळ, गोवऱ्या. डोक्यावर मोळी, पायात काटा. २०११ च्या जनगणनेत देशातली जवळजवळ निम्मी घरं स्वयंपाकाला लाकूड जाळत होती. २०१६ ला उज्ज्वला आली, गॅसचं कनेक्शन घरात आलं. चांगलंच झालं. पण कनेक्शन एकदाच मिळतं, १४.२ किलोचा सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. मजुरीचा हंगाम संपला की सिलिंडर कोपऱ्यात आणि बाई पुन्हा बाभळीखाली. साधन घरात येणं वेगळं, ते वापरता येणं वेगळं. हा फरक पुस्तकात नाही. तुम्ही लिहा.

पंपाचंही तसंच. राज्यात २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला मोफत विजेची योजना आली. मी तिच्या विरोधात नाही. कोरडवाहू शेतकरी मरतोय, त्याला द्या. सौरपंपासाठीही अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरायची आहे. छान. पण पंप कशाला लावायचा? त्याला जमीन लागते, पाणी लागतं. ज्याच्याकडं दोन्ही नाही त्याला पाच टक्के काय आणि शून्य टक्के काय. तो आपल्या पत्र्याच्या खोलीतल्या एका दिव्याचं, एका पंख्याचं बिल भरतो. थकलं की तार कापतात. मग रात्री आकडा पडतो. आकड्याची बाजू मी घेणार नाही. आकड्यावर माणूस कोळसा होतो, पोरं चिकटतात, मी बघितलंय. पण 'वीजचोर वस्ती' म्हणणाऱ्याला एवढं विचारा, वस्तीतल्या आकड्यानं तुझं किती गेलं, आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दंडातली ऊर्जा तुझ्या आजोबांनी मीटर न लावता वापरली तिचं बिल कुठाय?

शेवटचा मुद्दा. सूर्य. आता सगळीकडं सौरऊर्जा चाललीय. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौरक्षमता १०० गिगावॅटच्या वर गेली. चांगलंय. सूर्याला राख नाही, धूर नाही. सोलापूरच्या उन्हाला तर तोटाच नाही, आपल्या पाठीला विचारा. पण सूर्य जातपात मानत नसला तरी सौरपट्ट्या जमिनीवर बसतात, आणि जमीन जातपात मानते. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्यानं दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. सरकारी जमिनीही यात घेतात, गायरानंसुद्धा. इथं कान टवकारा. गायरान म्हणजे बिनमालकाची पडीक जमीन नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० च्या आधीची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय १९९१ ला निघाला. किती कुटुंबं अजून उताऱ्यासाठी खेटे घालताहेत! त्यांच्या पेरलेल्या तुकड्यावर उद्या पट्ट्या बसल्या, तर कोळशानं नाही हाकललं त्यांना सूर्य हाकलणार.

म्हणून सौरऊर्जेला विरोध करू नका. हिस्सा मागा. ग्रामसभेत उभं राहून विचारा, कुठला गट नंबर? त्यावर कोण कसतंय? पंचनामा झाला का? या योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात, त्यातले वस्तीत किती आले? पट्ट्या बसवायचं, धुवायचं, दुरुस्तीचं काम कुणाच्या पोरांना? आपल्या पोरांना पुसायला फडकं आणि दुसऱ्यांना तंत्रज्ञाचं टेबल, असं झालं तर ते विणखातं परत आलं समजा.

तुम्हाला काम देतो. टाळ्या नकोत. आपापल्या शहरात परत गेलात की एक वस्ती घ्या. शंभर घरं. प्रत्येक घरात पाच प्रश्न विचारा. चूल कशावर पेटते? वर्षात किती सिलिंडर भरले? मीटर कुणाच्या नावावर आहे? बिल किती आणि ते महिन्याच्या कमाईच्या कितवा हिस्सा आहे? जळण आणि पाणी आणायला बाईचे दिवसाचे किती तास जातात? शेवटचा प्रश्न बाईलाच विचारा, तिच्या नवऱ्याला नको.

हे पाच आकडे लिहून आणा. पुढच्या अंकात छापू. मग वीज कंपनीच्या दारात जाऊ तेव्हा आपल्या हातात नुसता दगड नसेल, हिशेबाची वही असेल. दगडापेक्षा तिला जास्त घाबरतात हे लोक.

जयभीम.