तुरुंगातली दाढदुखी

(तिरुभुवनम् येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला 'दातांची निगा' हा विषय दिला होता. दंतवैद्याला बोलावल्यावर दुसरे काय देणार! मिश्री सोडा, गुटखा सोडा, भट्टीजवळ ॲसिडचा धूर तोंडात जाऊ देऊ नका, त्याने दातांचे कवच झिजते, हे सगळे मी दरवर्षी सांगतो आणि तुम्ही दरवर्षी टाळ्या वाजवता. म्हणून यंदा कार्यकर्त्यांची परवानगी घेऊन विषय थोडा सरकवला. दात तेच आहेत, जागा मात्र तुरुंगातली आहे.

सणासुदीला तुरुंगाचे नाव कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी १८९३ मध्ये हा उत्सव घरातून चौकात आणला, त्या लोकमान्यांची मंडालेतली वर्षे आठवा. मधुमेहाचा रोगी, वय पन्नाशी उलटलेले, शिक्षा सहा वर्षांची. तिथे त्यांचे पथ्यपाणी सांभाळायला मिळाला तो सातारा जिल्ह्यातला कुलकर्णी नावाचा एक कैदीच. पथ्याचे खाणे आपल्या भाषेत मागता येईल असा माणूस जवळ असणे, मधुमेह्याला हे औषधाइतकेच मोलाचे असते. शिवाय आपल्या धंद्यात तुरुंग हा शब्द फार लांबचा नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आपले बापजादे मूस आणि भाता घेऊन या मुलखात आले. कोणी सोने गाळतो, कोणी टंच काढतो, कोणी जुन्या पट्टुसाड्यांची जर जाळून चांदी काढतो. आलेला माल कुठून आला हे प्रत्येक वेळी कळत नाही. एखाद्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्याचे, कधी दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात उभे राहतात आणि चोरीचा माल घेतल्याच्या आरोपाखाली माणूस जातो. दोषी की निर्दोष ते कोर्ट ठरवील. पण त्याची साखर, त्याचे ब्लडप्रेशर आणि त्याची किडलेली दाढ निकालापर्यंत थांबत नाही.

मी काही वर्षे तुरुंगांतल्या दंत तपासणी शिबिरांना जात आलो आहे. कोणता तुरुंग ते सांगणार नाही, आणि सांगितल्याने काही साधणारही नाही. तिथले काम बाहेरच्यासारखे नसते. फाटकावर प्रत्येक चिमटा, प्रत्येक सुई मोजून आत नेतात आणि मोजूनच बाहेर आणतात. एक सुई कमी भरली की सगळे थांबते. रूट कॅनॉल करायचे तर तीन-चार वेळा बसावे लागते. पण कच्चा कैदी आज इथे, उद्या तारखेला, परवा जामिनावर किंवा दुसऱ्या तुरुंगात. त्यामुळे वाचू शकणारी दाढसुद्धा शेवटी उपटली जाते. मोठ्या दवाखान्यात पाठवायचे तर बरोबर पोलीस लागतात. बंदोबस्तात माणसे गुंतली की नेमलेला दिवस हुकतो. आतले डॉक्टर वाईट असतात असा माझा अनुभव नाही. शेकडो माणसांमागे ते एकटे असतात, एवढेच.

अशाच एका शिबिरात रांगेत एक चाळिशीचा माणूस गालाला उपरणे बांधून उभा होता. खुर्चीत बसताना त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघाले. मी चमकलो. म्हटले, “पाव्हणं, गाव कुठलं?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि रडायलाच लागला. आटपाडीकडचा निघाला. दुखणे आठ दिवसांचे. रोज वेदनेच्या गोळ्या मिळत होत्या, कारण त्याला तमिळमध्ये गालाकडे बोट दाखवून ‘वली, वली’ एवढेच म्हणता येत होते. ‘गिळता येत नाही, जीभ जड झाली आहे’ हे सांगायला शब्द नव्हते. मी हनुवटीखाली हात लावला तर फळीसारखे कडक लागले. दोन्ही बाजूंना सूज, जीभ वर उचललेली, आवाज घोगरा. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरला की असे होते, आणि ती सूज श्वासनलिकेपर्यंत गेली की माणूस तासाभरात गुदमरू शकतो. दाढदुखीने माणूस मरतो का, असे लोक हसून विचारतात. मरतो.

मी विचारले, “शुगर आहे का?” म्हणाला, “आहे की, सहा वर्षं झाली.” तुरुंगाच्या कागदावर मात्र ‘नाही’ लिहिले होते. कसे? आत येताना सगळ्यांना विचारतात तसे त्यालाही विचारले होते, “शुगर इरुक्का?” त्याला वाटले, चहात साखर हवी का म्हणून विचारतात. पथ्य तर पाळायचे होते. त्याने त्याच्या जवळच्या वीस-पंचवीस तमिळ शब्दांतला एक काढून बाणेदारपणे उत्तर दिले, “वेंडाम!” म्हणजे नको. लिहिणाऱ्याने ‘नाही’ लिहिले. गोळ्या बंद. साखर चढली, आणि चढत्या साखरेत दाढेचा पू पसरायला कितीसा वेळ लागतो!

हा प्रकार मी कोणाला सांगितला की आधी हशा पिकतो. मलाही त्या क्षणी हसू आले होते, हे कबूल करतो.

तुरुंगाच्या डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी दिली. बरोबर जायला पोलीस मिळेपर्यंत तीन तास गेले. ते तीन तास मी त्याच्याजवळ बसून श्वास मोजत होतो. सरकारी रुग्णालयात पू काढला, इन्शुलिन सुरू झाले, दोन दाढा गेल्या, माणूस वाचला.

त्या तीन तासांत मला पुण्यातली एक रात्र आठवत होती, आणि ती गोष्ट कुंभकोणमच्या परिसरात सांगण्यासारखीच आहे. १२ जानेवारी १९२४. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पोटात भयंकर दुखू लागले, ताप आला, आणि त्यांना ससून रुग्णालयात हलवले. निदान झाले अपेंडिक्सचे. मुंबईहून त्यांच्या ओळखीचे डॉक्टर, दलाल आणि जीवराज मेहता, येईपर्यंत थांबायची सरकारची तयारी होती. पण मध्यरात्रीच्या सुमाराला शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांनी सांगितले, आता थांबता येणार नाही. सरकारपुढे पेच केवढा! चाकू इंग्रजाच्या हातात, टेबलावर गांधी. काही कमीजास्त झाले तर देश पेटेल. आणि कैद्यापुढेही पेच होताच. ज्याच्याशी लढतो त्याच्याच हाती पोट द्यायचे.

तेव्हा गांधीजींनी बोलावून घेतले ते श्रीनिवास शास्त्रींना. हे शास्त्री वलंगैमानचे. इथून किती लांब आहे ते, दक्षिणेला जरासेच. शिक्षण कुंभकोणमला, आणि गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. गांधीजींपेक्षा दहा दिवसांनी मोठे आणि राजकारणात त्यांचे विरोधक. दोघांनी मिळून निवेदन तयार केले: शस्त्रक्रियेला माझी संमती आहे, डॉक्टरांनी माझी नीट काळजी घेतली आहे, काहीही घडले तरी सरकारविरुद्ध आंदोलन नको. गांधीजींनी पेन्सिलीने सही केली, तेव्हा त्यांचा हात कापत होता आणि त्यावर त्यांनी स्वतःच थट्टा केली. तिरुभुवनम् मध्ये आपण कंपहरेश्वराच्या सावलीत राहतो. भयाने किंवा आजाराने सुटलेला कंप हरण करणारा तो देव. त्या रात्री सही करणाऱ्याजवळ बसायला याच प्रदेशातला माणूस होता, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

शस्त्रक्रिया चालू असताना वादळाने वीज गेली. विजेरीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीला गांधीजींना प्रकृतीच्या कारणाने बिनशर्त सोडले. ससूनमधली ती खोली आजही जपून ठेवली आहे.

याच पुण्यात वीस वर्षांनी, आगाखान पॅलेसमध्ये, कस्तुरबांच्या वाट्याला काय आले तेही पाहा. त्यांना वैद्य हवा होता. वैद्य शिव शर्मांना यायची परवानगी मिळाली, पण रात्री आत राहायची नाही. म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. वैद्य आधी आणि आतच असता तर त्या वाचल्या असत्या असे मी म्हणत नाही, हृदय फार थकले होते. पण रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये रात्रभर फाटक बंद ठेवण्याने कोणाचे काय राखले गेले, ते मला अजून समजलेले नाही.

ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. गांधीजींना शास्त्री मिळाले. आपल्या पाव्हण्याला ‘वेंडाम’ मिळाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची कैदी, म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत स्पष्ट लिहिले आहे की बाहेर समाजाला मिळते त्याच दर्जाची वैद्यकीय सेवा कैद्याला मिळावी, आणि पात्र दंतवैद्य प्रत्येक कैद्याला उपलब्ध असावा. आमच्या धंद्याचा असा वेगळा उल्लेख पाहून मला बरे वाटले होते! आपल्याकडचा १८९४ चा कारागृह कायदाही याबाबतीत आपण समजतो तेवढा आंधळा नाही. आत येणाऱ्याची तपासणी करून नोंद ठेवायची, आणि कैद्याने डॉक्टर मागितला किंवा न मागता तो नुसता आजारी दिसला, तरी पहारेकऱ्याने ते विनाविलंब वर कळवायचे, असे त्यात आहे. ‘आजारी दिसला तरी’ हे शब्द ज्याने घातले, त्याला मुक्या माणसाची आठवण झाली असावी.

आता कामाचे बोलतो. घरातल्या कोणाला अटक झाली तर आपली पहिली धावपळ वकील आणि पैसे. ती हवीच. पण त्याच तासात औषधांकडेही बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायची असते आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्याला मिळते. ती मागा. कलम ५६ प्रमाणे ज्याच्या ताब्यात माणूस आहे, त्याच्यावर त्याच्या तब्येतीची जबाबदारी आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी. जामिनाच्या अर्जातही आजाराचा विचार होतो. मात्र कागद हवेत, नुसते “त्याला शुगर आहे हो साहेब” चालत नाही. गोळ्या परस्पर पोराच्या हाती देऊन आत सरकवायचा प्रयत्न करू नका. डॉक्टरच्या चिठ्ठीसह अधिकाऱ्याकडे द्या आणि दिल्याची नोंद मागा. मागताना आवाज चढवू नका. आपला माणूस आतच राहणार आहे.

आणि एक कागद. मी तो छापून आणला आहे, मंडपाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गठ्ठा ठेवला आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तमिळ. नाव, गाव, जुने आजार, रोजच्या गोळ्यांची नावे आणि वेळा, कोणते औषध सोसत नाही, आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्या एका माणसाचा फोन. खाली काही वाक्ये आहेत: दात दुखतो, गिळता येत नाही, दम लागतो, मला शुगरचा आजार आहे. शेवटचे वाक्य मी मुद्दाम ठळक छापले आहे. एक प्रत पेढीवर, एक घरी. तुरुंगच कशाला, रात्री-अपरात्री इथल्या दवाखान्यात जायची वेळ आली तरी उपयोगी पडेल.

आरतीनंतर मी तासभर इथेच बसणार आहे. ज्यांना तमिळ लिहिता येत नाही त्यांचा कागद मी भरून देतो. घरी जाऊन गोळ्यांची पाकिटे तेवढी घेऊन या; ‘ती पांढरी गोल गोळी’ असे सांगितलेत तर मला काही लिहिता येणार नाही.